छंद, दुकान आणि प्रायोजक

(मंडळाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला 'छोटे व्यावसायिक आणि आपलं मंडळ' या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. मी पडलो कॉम्प्युटर इंजिनियर, पोटापाण्यासाठी आयटी कन्सल्टिंग करतो. पण गेली काही वर्षं मी घरी बिअर बनवणाऱ्यांच्या एका हौशी क्लबात जातो. प्रायोजक म्हणजे काय, हे मला तिथे कळलं. मागच्या रांगेतल्या काका-काकूंनी घाबरू नये, आज प्रात्यक्षिक नाही! शेवटी प्रकार आंबवण्याचाच. इडलीचं पीठ एका रात्रीत फुगतं, बिअरला दोन-तीन आठवडे लागतात, इतकंच.

थोडा इतिहास सांगतो. अमेरिकेतली दारूबंदी १९३३ मध्ये उठली. घरी वाइन करायची मुभा मिळाली, बिअरची मात्र राहून गेली. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका विधेयकावर सही केली आणि फेब्रुवारी १९७९ पासून घरची बिअर फेडरल कायद्यात बसली. एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २००. राज्यांचे कायदे वेगळे. मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची राज्यं तयार झाली ती थेट २०१३ मध्ये.

गंमत अशी की देशातला सर्वांत जुना क्लब, मॉल्टोज फाल्कन्स, १९७४ मध्येच सुरू झाला होता. म्हणजे कायद्याच्या चार वर्षं आधी! लॉस एंजेलिसच्या वुडलंड हिल्समध्ये जॉन डॉम यांचं वाइन-बिअरच्या साहित्याचं दुकान होतं. मर्लिन एलहार्ट यांनी तिथे लोक जमवले आणि क्लब उभा राहिला. दुकानदाराने पहिली मदत केली ती जागेची.

आता आपण म्हणाल, क्लबला प्रायोजक लागतोच कशाला? कारण सरळ आहे. घरची बिअर चाखायला देता येते, स्पर्धेत पाठवता येते, पण विकता येत नाही. आपण दिवाळीला फराळाचा स्टॉल लावून चार डॉलर उभे करतो, तसं या लोकांना आपल्या बिअरवर करता येत नाही. मग वर्गणी आणि स्पर्धेची एंट्री फी सोडली, तर उरतो स्थानिक दुकानदार. तो बक्षिसाला माल्टचं पोतं देतो, हॉप्सची पाकिटं देतो, गिफ्ट सर्टिफिकेट देतो.

यात त्याचाही फायदा आहे. नवा माणूस पाच गॅलनची, म्हणजे साधारण पन्नास बाटल्यांची, पहिली खेप घालतो ती क्लबातल्या कुणाच्या तरी मार्गदर्शनाखाली. ती जमली की तो पुढची दहा वर्षं गिऱ्हाईक. केन ग्रॉसमन यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या चिको गावी असंच साहित्याचं छोटं दुकान काढलं. पुढे त्यांनीच सिएरा नेव्हाडा ही ब्रुअरी उभी केली.

पण पैसा कुठून येतो याकडे हौशी लोकांचं बारीक लक्ष असतं. सेंट पॉलमध्ये १९९३ साली सुरू झालेली नॉर्दर्न ब्रुअर ही साहित्य विकणारी कंपनी २०१६ मध्ये बडवायझरवाल्या एबी इनबेव्हने घेतली, तेव्हा अनेक हौशी ब्रुअर नाराज झाले. माल तोच होता. पण आपल्यातला दुकानदार आणि आपल्याला बाजारपेठ समजणारी कंपनी यांतला फरक त्यांना जाणवत होता.

आता जरा कडू गोष्ट. आमचा क्लब ज्या दुकानात जमायचा, ते बंद पडलं. बरेच सभासद सल्ला मालकाकडून घ्यायचे आणि दोन डॉलर वाचवायला माल इंटरनेटवरून मागवायचे. मालकाने कधी तक्रार केली नाही. एक दिवस दारावर पाटी लागली. आता आम्ही कुणाच्या ना कुणाच्या गराजमध्ये जमतो. जुने लोक येतात, पण नवं कुणी येत नाही. कारण नवा माणूस यायचा तो दुकानातूनच. आमच्या गराजचा पत्ता त्याला कोण देणार?

मंडळी, आपल्या दिवाळी अंकाची शेवटची पानं उघडून बघा. ग्रोसरीवाले, टॅक्सवाले, इन्शुरन्सवाले, घरून पोळ्या करून देणाऱ्या ताई. हे सगळे आपले दुकानदार. गावात नवीन आलेलं मराठी कुटुंब आधी मंडळात येत नाही. ते आधी पोहे आणि गोडा मसाला शोधत ग्रोसरीत जातं, आणि तिथे काचेवर आपलं गणपतीचं पोस्टर पाहतं.

म्हणून माझ्या तीन सूचना. एक, जाहिरात देणाऱ्याकडे वर्षातून चारदा तरी खरेदी करा, आणि 'अंकात जाहिरात पाहिली' असं आवर्जून सांगा. दोन, त्यांना नुसता चेक मागू नका, कार्यक्रमाला सहकुटुंब बोलवा. तीन, कार्यक्रम काय करायचा हे मात्र कमिटीनेच ठरवावं. चेक कितीही मोठा असो, नाटकाच्या मध्यंतरात अर्धा तास विक्रीचं भाषण नको!

पुढच्या वर्षी या अंकात ह्याच सगळ्या जाहिराती पुन्हा दिसाव्यात, एवढीच इच्छा. सर्वांना दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा.