मांडव आपला, मेळावा पोरांचा

मंडळी, वर्डप्रेसवर वेबसाइट घडवणाऱ्यांचा 'वर्डकॅम्प' हा मेळावा २००६ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाला. पुढे पुण्या-मुंबईतही भरला. राबणारे सगळे स्वयंसेवक, वक्त्यांना मानधन नाही, तिकीट स्वस्त, बाकी खर्च प्रायोजकांचा. म्हणजे आपलं गणेश मंडळच की!

२००९ साली स्थापन झालेलं केंद्रीय विद्यापीठ इथे कडगंचीलाच आहे. तरी आपली पोरं असल्या मेळाव्याला पुणं गाठतात. परवा त्यांनीच विचारलं, "इथं का नको?" आम्ही गप्पच झालो. कोड आम्हाला कळत नाही. पण पावतीपुस्तक, पंगत, पाहुण्यांची सोय यांत आमची हयात गेली. भाषणं मराठीत की कानडीत, यावर वाद होणारच. दोन्हींत होऊ द्या. आरतीनंतर थांबा, कामं वाटून घेऊ.