पंपाला किती टाकू?

हंगामात कृषी केंद्राच्या दुकानात थोडा वेळ उभे राहा. औषधाची बाटली हातात पडली की पहिला प्रश्न येतो, "पंपाला किती टाकू?" दुकानदार म्हणतो, "टाका दोन टोपणं." झाला व्यवहार! पंप पंधरा लिटरचा की वीसचा, टोपण केवढे, एकराला पंप किती लागतात, याची चौकशी कोणी करीत नाही. पीक मात्र पंप मोजत नाही. एकरभर रानात औषध किती पोचले, एवढेच त्याला कळते.

ट्रॅक्टरचा फवारा घेतला तरी हा घोळ संपत नाही. समजा, फवाऱ्याची दांडी 10 मीटर रुंद आहे आणि ट्रॅक्टर ताशी 6 किलोमीटरने, म्हणजे मिनिटाला 100 मीटर चालला आहे. मिनिटाला 1000 चौरस मीटर, आपल्या भाषेत सुमारे 10 गुंठे, फवारून होतात. एकरी 120 लिटर पाणी आणि 200 मिलिलिटर औषध द्यायचे असेल, तर मिनिटाला 30 लिटर पाणी आणि 50 मिलिलिटर औषध पडले पाहिजे. शिक्षक मित्रांनो, हे साधे त्रैराशिक आहे; वर्गात जरूर घाला. आता बांधाजवळ चिखल लागला आणि वेग निम्म्यावर आला. नोझलमधून पाणी तेवढेच पडते आहे. म्हणजे त्या पट्ट्यात औषध दुप्पट पडले! पुढे उतारावर वेग वाढला की तिथे कमी पडते, आणि कीड नेमकी तिथे तग धरते.

दुसरे दुखणे उरलेल्या द्रावणाचे. मोठ्या टाकीत सगळे एकदम कालवले, रान संपले, आणि टाकीत 40 लिटर राहिले. ते जाते कुठे? ओढ्यात नाहीतर विहिरीच्या काठाला. गुरे तिथेच पाणी पितात.

यावर एक यांत्रिक तोड आहे. टाकीत नुसते स्वच्छ पाणी ठेवायचे. औषध वेगळ्या लहान डब्यात ठेवायचे. एक छोटा मात्रापंप ते औषध वाहत्या पाण्याच्या नळीत हवे तेवढेच सोडतो. ठिबकवाल्यांना हे नवे वाटणार नाही. खत सोडण्याची व्हेंचुरी त्यांच्या शेतात असतेच. फरक एवढाच की इथे ट्रॅक्टरचा वेग मोजून एक नियंत्रक पेटी मात्रापंपाला हुकूम देते. वेग निम्मा झाला की औषधही मिनिटाला 50 ऐवजी 25 मिलिलिटर. एकरी मात्रा ढळत नाही. रान संपल्यावर टाकीत उरते ते निव्वळ पाणी!

ही यंत्रणा बसवताना चार गोष्टी सांभाळा. पहिली, दाब वाढला की जास्तीचे पाणी टाकीत परत नेणारी नळी असते. ती औषध सोडण्याच्या जागेच्या अगोदरच फुटली पाहिजे. नाहीतर औषध गुपचूप टाकीत जाऊन बसेल आणि सगळा खटाटोप वाया जाईल. दुसरी, औषधाच्या नळीवर उलटा प्रवाह अडवणारी झडप हवीच, आणि जोडाच्या पुढे औषध-पाणी घुसळणारी छोटी मिश्रणनळीही हवी. तिसरी, वेग मोजणारे साधन ओढ देणाऱ्या चाकावर बसवू नका. ते चाक चिखलात जागच्या जागी घसरते आणि पेटीला खोटा वेग सांगते. चौथी, पेटीची वायर फ्यूज घालून थेट बॅटरीवरून घ्या.

आता एक अडचण. जोडापासून शेवटच्या नोझलपर्यंतच्या नळीत 5 लिटर पाणी मावत असेल, तर सेकंदाला अर्धा लिटर या हिशेबाने औषध तिथे पोचायला 10 सेकंद लागतात. तेवढ्यात ट्रॅक्टर 16 मीटरपेक्षा जास्त पुढे जातो आणि तेवढे रान कोरडे, म्हणजे औषधावाचून राहते. म्हणून जोड दांडीच्या जितका जवळ घेता येईल तितका घ्या.

बसवून झाले की परीक्षा घ्या. रानातच 100 मीटर अंतर आखून, टाकी निम्मी भरून वेग तपासा. मग औषधाच्या जागी मोजपात्रातून पाणी ओढू द्या. मिनिटाला 50 मिलिलिटर उतरले का, पाहा. घट्ट औषध पाण्यासारखे ओढले जात नाही. म्हणून खऱ्या औषधानेही पुन्हा मोजा. पाण्यात विरघळणार नाही अशी भुकटी या यंत्रणेला मानवत नाही, ती तळाला बसते. आणि डब्यातले औषध बिनपाण्याचे असते, हे विसरू नका. तिथली गळती साध्या फवाऱ्याच्या गळतीहून घातक. हातमोजे घातल्यावाचून त्या नळीला हात लावू नये.

तुम्ही म्हणाल, "मास्तर, हे थोरामोठ्यांचं झालं. आमच्या पाठीवर पंप आहे, त्याचं काय?" बरोबर आहे. यंत्रणा महाग आहे; गटाने किंवा भाड्याने घ्यावी. पण तिच्यामागचा हिशेब फुकट आहे. पंपात साधे पाणी भरा आणि नेहमीच्या चालीने 10 गुंठे फवारा. पंधरा लिटरचे दोन पंप लागले, तर एकराला आठ. मग 200 मिलिलिटरचे आठ भाग करा. पंपाला 25 मिलिलिटर. टोपणाने नव्हे, मोजमापाने. आणि लागेल तेवढेच कालवा.

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याला एकच कारण नव्हते, आणि नुसत्या मोजमापाने ते सगळे टळले असते असेही मी म्हणणार नाही. पण आपण ज्याला औषध म्हणतो, ते किडीला आणि माणसाला दोघांनाही विषच आहे. विष अंदाजाने वापरायचे नसते. उद्या दुकानात गेलात की "पंपाला किती" असे विचारू नका. "एकराला किती" असे विचारा. पुढचे त्रैराशिक घरातले शाळकरी पोरही करून देईल. त्याने फक्त गणित करावे. औषधाला हात लावू नये.