आधी मोजा, मग बल्ब बदला

आजचा विषय गाडीचे दिवे. तुमच्यापैकी बरेच जण रात्री नांदेड-हिंगोली रस्त्याने जाता-येता, म्हणून हा भाग खास त्यांच्यासाठी. नेहमीसारखं बोललेलंच खाली लिहून काढलंय, थोडंफार नीट करून.

मी आखाडा बाळापूरचा. नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरची. बाबा साठीच्या पुढचे आणि आमची जुनी पिकअप अजूनही तेच चालवतात. हळद निघाली की हिंगोलीच्या मार्केटला नंबर लागावा म्हणून पहाटे तीनला घर सोडतात. यंदा आईचा फोन आला, "ह्यांना रात्रीचं नीट दिसंना. चांगले लाईट बसवून दे, नाहीतर गाडी चालवणं बंद कर म्हणून सांग." बाबांना गाडी बंद करायला सांगणं म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला वेगळं सांगायला नको. म्हणून सुट्टी टाकून आलो.

आधी डोळ्यांचं बोलू, कारण तो प्रश्न दिव्यांच्या आधीचा आहे. वय वाढलं की डोळ्याची बाहुली लहान राहते आणि आतलं भिंग पिवळट होत जातं. विशीत डोळ्याच्या पडद्यावर जेवढा उजेड पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांश साठीत पोचतो. शिवाय समोरून झगमगाट आला की डोळा पूर्ववत व्हायलाही जास्त वेळ लागतो. म्हणून पहिलं काम डोळ्यांच्या डॉक्टरकडे. बाबांना नेलं, मोतीबिंदूची तपासणी झाली, चष्म्याचा नंबर बदलला. हे केल्याशिवाय बल्बला हात लावू नका.

आता गाडी. गावातल्या एका मित्राचा सल्ला सरळ होता, "पांढरेफेक एलईडी टाक, रात्रीचा दिवस होतो." दुकानात असे बल्ब मिळतात, आणि मिनिटात बसतात. पण आमच्या कामात एक सवय लागते. प्रोग्राम हळू चालला तर लगेच मोठा सर्व्हर घेत नाहीत, आधी वेळ कुठे जातोय ते मोजतात. मी मल्टिमीटर काढला.

इंजिन चालू, दिवे चालू. बॅटरीवर १३.८ व्होल्ट. बल्बच्या सॉकेटवर ११.६. म्हणजे २.२ व्होल्ट वाटेतच गेले. कुठे? जुनी बारीक वायर, झिजलेला स्विच, गंजलेली अर्थिंग. दोन्ही हेडलाईटचा मिळून नऊ-दहा अँपियर करंट डॅशबोर्डवरच्या त्या छोट्या स्विचमधून फिरून येत होता.

दोन व्होल्टने काय होतं, असं वाटेल. पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. ११.६ भागिले १३.८ म्हणजे ०.८४, त्याचा ३.४ वा घात ०.५५. थोडक्यात, बाबा कित्येक वर्षं जवळपास अर्ध्या उजेडात गाडी चालवत होते, आणि बल्बमध्ये काहीच बिघाड नव्हता.

उपाय रिले. बॅटरीपासून फ्यूज लावून जाड, अडीच एमएमची वायर थेट रिलेच्या ३० नंबरला, ८७ वरून बल्बला. जुन्या स्विचची वायर ८५-८६ वर, म्हणजे स्विच आता फक्त रिलेला इशारा देतो, सगळा करंट ओढत नाही. अप्परला एक रिले, डिप्परला एक. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, नाहीतर मधे वायर घासली तर आग लागू शकते. अर्थिंगचा जोड घासून पत्र्याला नीट आवळायचा. लाईटचं काम करणाऱ्या मिस्त्रीच्या शेजारी बसून मी हे करून घेतलं. नंतर सॉकेटवर १३.४ व्होल्ट आले. पिवळट पडलेल्या प्लॅस्टिकच्या काचा बारीक पॉलिश पेपरने पाणी लावून घासल्या, वर संरक्षक थर दिला. बल्ब मात्र साधेच, ६०/५५ वॅटचे. १००/९० वॅटचे मिळतात, पण त्यांच्या उष्णतेने सॉकेट वितळतं आणि रिफ्लेक्टरची चकाकी जळते.

मग एलईडी का नाही? एलईडी वाईट नाही. कंपनीने एलईडीसाठीच बनवलेला हेडलाईट उत्तम असतो. अडचण आहे हॅलोजनच्या घरात एलईडी बसवण्यात. एच४ बल्बमध्ये डिप्परच्या तारेखाली एक छोटी धातूची वाटी असते. ती खालचा उजेड अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरचा वरचाच भाग वापरला जातो आणि उजेड खाली रस्त्यावर पडतो. रिफ्लेक्टरचा आकार त्या तारेच्या जागेवरूनच ठरवलेला. तिथे पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या चिप आल्या की गणित बिघडतं. गाडीसमोर पाच-दहा मीटर लख्ख दिसतं, म्हणून आपण खूश. पण लांबचा रस्ता काळाच, आणि उरलेला उजेड समोरच्याच्या डोळ्यात. जवळ जास्त उजेड असला की डोळा त्याला सरावतो, मग लांबचं आणखीच कमी दिसतं.

हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, "आपल्याला दिसंना म्हणून समोरच्याला आंधळं करायचं का?" विषय संपला.

कायदाही हेच सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ म्हणतो, की दिव्याचा झोत असा खाली वळलेला हवा, की आठ मीटरवर दीड मीटर उंचीला डोळे असलेल्या माणसाला दिपवणार नाही. आणि नियम १११ नुसार नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय पुढे स्पॉटलाईट किंवा सर्चलाईट लावता येत नाही. छतावरची ती एलईडीची लांब पट्टी रस्त्यावर वापरायची नाही, हे यातून समजून घ्या.

जादा दिवे हवेतच असतील तर फॉगलाईट घ्या. बंपरच्या खालच्या बाजूला, रुंद आणि वरून कापलेला झोत असलेले. धुक्यात अप्पर लावला की पांढरी भिंत उभी राहते, कारण थेंबांवरून उजेड परत डोळ्यात येतो. खालून गेलेला उजेड तेवढा परत येत नाही. रंग पिवळा की पांढरा, याने फारसा फरक पडत नाही. उंची आणि झोत महत्त्वाचा.

आता जे सगळ्यात स्वस्त आणि कुणीच करत नाही ते: फोकस लावणं. सपाट जागी, भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करा. डिप्परची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा दहा सेंटीमीटर खाली हवी. पण पिकअपवाल्यांनो, हे माल भरून करा. हळदीची पोती टाकली की मागचे पाटे बसतात, नाक वर येतं. फक्त एक अंश वर आलं तर पन्नास मीटरवर झोत ८७ सेंटीमीटर चढतो, म्हणजे बरोबर समोरच्या कारवाल्याच्या डोळ्यात. गाडीत झोत वर-खाली करायचं चाक असेल तर ते यासाठीच आहे. आमच्या गाडीत नाही, म्हणून भरलेल्या गाडीवरच फोकस लावला. रिकामी असताना थोडं जवळचं दिसतं, तेवढं चालतं.

एवढं करूनही मर्यादा राहतेच. ताशी ८० ने जाताना दीड सेकंद लक्षात यायला आणि मग ब्रेक, म्हणजे कोरड्या रस्त्यावरही साधारण ६८ मीटर. ताशी ६० ने ४५ मीटर. डिप्परमध्ये गडद कपड्यातला माणूस किंवा चिखलाने माखलेली ट्रॉली पन्नास-साठ मीटरच्या पुढे क्वचितच ओळखू येते. म्हणजे डिप्परवर ८० ने जाणं हे न दिसणाऱ्या रस्त्यावर जाणंच आहे. बाबांशी माझा करार झाला: अंधारात साठच्या आत. आईसमोर झाला, त्यामुळे तो मोडणं अवघड आहे.

शेवटचं, ट्रॅक्टरवाल्या मित्रांसाठी. दिवाळीनंतर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या रात्रभर चालतात. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, असला तर उसाच्या वाढ्यांनी झाकलेला. मागच्या फळीला लाल आणि बाजूंना पिवळी रिफ्लेक्टर पट्टी चिकटवा, महिन्यातून दोनदा फडक्याने पुसा. पंक्चर झालं तर ट्रॉली डांबरावर सोडून जेवायला जाऊ नका. मागून येणाऱ्याचे दिवे कितीही चांगले असले, तरी परत फिरायला तुमच्याकडे काहीतरी चकाकणारं हवं. आमच्या गल्लीतल्या चार ट्रॉल्यांना या सुट्टीत पट्ट्या लावून झाल्या, पाचवा मालक बाहेरगावी होता. तो आला की त्याचीही.

तुमच्या गाडीच्या सॉकेटवर किती व्होल्ट येतात ते मोजा आणि कळवा. पुढच्या भागात बॅटरी आणि अल्टरनेटरबद्दल बोलू. सावकाश जा मंडळी.