मोहरीएवढा दिवा



ओसरीवरच्या घंगाळांत सकाळचें ऊन पडलें म्हणजे छतावर प्रकाशाच्या रेघांचें एक जाळें थरथरूं लागतें, हें आपण पाहिलें असेलच. पाण्याच्या तरंगांमुळें किरण कोठें विरळ, तर कोठें दाट होतात. तसलेंच एक जाळें आकाशांतहि आहे.

महाश्व या तारकासमूहांत १९८५ सालीं जॉन हुक्रा व त्यांचे सहकारी यांना एक विलक्षण जोडी सांपडली. पुढें एक दीर्घिका आणि तिच्या मध्याआड, तिच्याहून कितीतरी दूर, एक क्वेसार! दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणानें त्याचे किरण वांकतात आणि आपणांस एकाच्या चार प्रतिमा दिसतात. यालाच 'आइन्स्टाइनचा क्रॉस' म्हणतात. गंमत अशी कीं, एका ताऱ्यानें दुसऱ्याचें भिंग व्हावें हें प्रत्यक्ष पाहण्याची आशा नाहीं, असें खुद्द आइन्स्टाइननींच १९३६ सालीं लिहिलें होतें.

क्वेसारचें तेज हें प्रचंड कृष्णविवराभोंवतीं गरगरणाऱ्या तप्त वायूच्या चकतीचें असतें. चंद्रावर ठेवलेला मोहरीचा दाणा येथून जेवढा दिसेल, साधारण तेवढीच ती चकती. तिचें रूप एकाहि दुर्बिणीला उलगडत नाहीं. मग मोजावयाची कशी?

येथें तें जाळें कामास येतें. दीर्घिकेंतील एकेक तारा हें एक लहानसें भिंग. अशा असंख्य भिंगांचें जाळें क्वेसारवरून हळूहळू सरकत असतें. क्वेसार स्वतःच उजळला, तर चारहि प्रतिमा फार तर थोड्या दिवसांच्या अंतरानें उजळतील. परंतु १९८९ सालीं जाहीर झालें कीं, एक प्रतिमा एकटीच उजळली होती! जाळ्याची एखादी रेघ तिच्यावरून गेली असली पाहिजे. दिवा लहान असेल तर तो रेघेखालीं एकदम भडकतो. मोठा असेल तर सावकाश व थोडाच. या चढउतारावरूनच त्याचा आकार काढतां येतो.

पोलिश खगोलज्ञांनीं चिलींतून १९९७ पासून वर्षानुवर्षें ही नोंद ठेविली. तिच्यावरून दिसलें कीं, निळा प्रकाश आंतल्या, अधिक तप्त भागांतून येतो व तांबडा बाहेरच्या विस्तृत भागांतून. अशाच दुसऱ्या क्वेसारांत क्ष-किरणांचा उगम तर याहूनहि आंत, कृष्णविवराच्या निकट आढळला. येथवर सिद्धान्ताला बाध नाहीं.

अडचण मापाची आहे. शाकुरा आणि सुन्यायेव यांच्या १९७३ च्या गणितानें चकती जेवढी असावयास हवी, तिच्या कित्येक पट मोठी ती अनेक क्वेसारांत भरली. दूरच्या वायूनें परतविलेला प्रकाश तींत मिसळतो, कीं मध्यापासून बाहेर जातांना उष्णताच निराळ्या रीतीनें उतरते? या वादांत माझा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. पण निकाल अद्याप लागलेला नाहीं.