ताटाची डावी बाजू

'डाएट' हा शब्द आता आपल्या घरात इतका रुळला आहे की त्याला परका म्हणण्याची सोय उरलेली नाही. 'ती डाएटवर आहे' म्हटलं की घरातल्या आजीबाईंनाही कळतं, मुलीच्या पानात भात वाढायचा नाही. मूळ ग्रीक शब्द 'दिआयता', आणि त्याचा अर्थ राहणी, जगण्याची रीत. गंमत अशी की आपल्या 'पथ्य' या शब्दाचीही तीच गत झाली. पथ म्हणजे वाट. वाटेला धरून असलेलं, हितकर, ते पथ्य. पण कुणी 'मला पथ्य आहे' म्हणालं की आपण लगेच विचारतो, 'काय काय बंद आहे?' काय काय चालू आहे, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. मी भाषेचा मास्तर, म्हणून मला आधी शब्दांची हळहळ वाटली. पण आज बोलायचं आहे ते माणसांबद्दल, आणि विशेषेकरून आमच्या वर्गात बसणाऱ्या मुलींबद्दल. सकाळच्या तासाला एखादीला भोवळ येणं, मैत्रिणींनी तिला धरून बाकावर आडवं करणं, यात आम्हा शिक्षकांना आता नवल वाटेनासं झालं आहे.

अशाच एका प्रसंगानंतर आमच्याकडे एका आहारतज्ज्ञ बाईंचं व्याख्यान ठेवलं होतं. बरीच वर्षं रुग्णालयात काम केलेल्या, बोलणं अगदी घरगुती. फळ्याकडे त्या वळल्यासुद्धा नाहीत. पहिला प्रश्न त्यांनी विचारला, 'तुमच्यापैकी कुणी काय सोडलंय?' भराभर हात वर झाले. भात. बटाटा. तूप. केळं. एकीने पोळी, तर एकीने रात्रीचं जेवणच. बाई म्हणाल्या, 'छान. आता सांगा, काल दिवसभरात कच्चं असं काय खाल्लंत?' सभागृह गप्प. शेवटी मागून कुणीतरी म्हणालं, 'वडापावबरोबरची मिरची.' बाई म्हणाल्या, 'अगं, ती तळलेली असते!'

त्या हशात त्यांचं निम्मं व्याख्यान होऊन गेलं असं मला वाटतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की ताटातून आणखी काय काढावं याचा विचार करण्याआधी ताटातलं काय आधीच नाहीसं झालं आहे ते बघा. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, आपल्या देशातल्या पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी शंभरात एकोणसाठ मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याच पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत शंभराला चोवीस जणींचं वजन जास्त भरलं, आणि जवळजवळ एकोणीस जणींचं कमी. म्हणजे वजन घटवण्याची गरज काहींना खरोखरच आहे. पण वजन जास्त असलेल्या बाईचं रक्तही कमी असू शकतं, ही गोष्ट काट्यावर उभं राहून कळत नाही.

सोडण्याचा परिणाम मनावर काय होतो याचा एक फार मोठा प्रयोग होऊन गेला आहे. दुसरं महायुद्ध संपत आलेलं असताना, १९४४ च्या नोव्हेंबरात, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने छत्तीस निरोगी तरुणांना हाताशी धरलं. सद्सद्विवेकाला पटत नाही म्हणून लढायला नकार दिलेली ही मंडळी; या कामाला मात्र स्वखुशीने पुढे आलेली. युद्धाने उपाशी पडलेल्या युरोपाला पुन्हा खाऊपिऊ कसं घालावं, हे त्यातून शोधायचं होतं. चोवीस आठवडे त्यांना दिवसाला सरासरी १५७० कॅलरींच्या आसपास अन्न दिलं. बटाटे, सलगम, पाव असलं साधंसुधं. वजनं जवळजवळ चौथ्या हिश्श्याने उतरली, नाडी मंदावली, सतत थंडी वाजू लागली. आणि मन? चांगली शिकलीसवरलेली ती पोरं पाककृतींची पुस्तकं गोळा करून वाचू लागली. ताट चाटून पुसून घेऊ लागली. स्वप्नंसुद्धा अन्नाची. पुढे पोटभर खायला मिळू लागलं तेव्हा काहींची भूक कितीही खाल्लं तरी भागेना.

आता हे लक्षात घ्या, की आज मोबाइलवर जे तक्ते मुली एकमेकींना पाठवतात त्यांतले कितीतरी बाराशे कॅलरींचे असतात. ते तरुण पुरुष होते आणि आठवड्याला बावीस मैल चालत होते, हा फरक धरूनसुद्धा बाराशे हा आकडा मला धडकी भरवतो. तक्ता चौथ्या दिवशी मोडला की मुलगी स्वतःला दोष देते, 'माझ्यात निश्चयच नाही,' म्हणते. अहो, तिच्या शरीराने मिनेसोटातल्या त्या पोरांच्या शरीरांनी केलं तेच केलं. आपल्या आयाबायांना हे प्रयोगावाचून ठाऊक होतं, म्हणून तर 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण. श्रद्धेने उपास करणाऱ्यांना मी काही म्हणत नाही. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि खिचडीला जे काही पोषणाचं मोल येतं ते दाण्याच्या कुटामुळे, एवढं म्हणायला हरकत नसावी.

भाताचंच घ्या. मुलगी भात सोडते तेव्हा ती एकटा भात सोडत नाही. आपल्याकडे वरण खायचं ते भाताशी. भात गेला की वरणाची वाटीही पानातून निघून जाते, आणि वरचा चमचाभर तूप अन् लिंबाची फोडही त्यांच्यामागोमाग. तांदळाच्या प्रथिनांत लायसीन नावाचा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदळात बऱ्यापैकी. दोघं मिळून एकमेकांची उणीव भरून काढतात. भाकरी आणि उसळ, थालीपिठाची भाजणी, कोकणातला भात आणि कुळथाची पिठी, सगळीकडे हीच जोडी आहे. वजन वाढलं याचं पाप भाताच्या माथी मारून मुलगी दुपारी कँटीनमध्ये बिस्किटं आणि चहा घेते. कारण भूक काही कुणाचं पथ्य पाळत नाही.

मग भात किती खायचा? बाईंनी इथे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा आधार घेतला. या संस्थेने २०२४ साली आहाराविषयीची नवी मार्गदर्शक सूत्रं काढली. दिवसाला दोन हजार कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यांत धान्य आहे सुमारे अडीचशे ग्रॅम, डाळी-कडधान्यं पंच्याऐंशी, आणि भाज्या चारशे ग्रॅम. धान्य आणि डाळी कच्च्या मापाने, शिजवलेल्या नव्हेत. चारशे ग्रॅम भाजी! हा आकडा ऐकून आमच्या सहकाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आपल्या घरी चौघांत अर्धा किलो फरसबी येते आणि सगळे तिला 'भाजी झाली' म्हणतात. 'आणि बटाटा यात धरायचा नाही,' बाईंनी बजावलं.

इथेच ताटाच्या डाव्या बाजूचा विषय निघाला. पान वाढताना मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी, आमटी उजवीकडे, मधे भात. हळूहळू डावी बाजू आकसत गेली आणि तिथे लोणच्याची फोड आणि पापड तेवढा उरला, म्हणजे मीठच मीठ. खरं तर तिथे जवसाची, कारळ्याची, तिळाची चटणी असायची. तिळात चुना म्हणजे कॅल्शियम किती असतं ते पाहिलं तर दुधाच्या जाहिराती फिक्या पडतील. लिंबाचं तर विशेषच. पालेभाजीत, बाजरीत, कडधान्यांत लोह असतं, पण ते अंगी लागायला कठीण. क जीवनसत्त्व सोबत असलं तर ते बरंच सुलभ होतं. तापवल्याने हे जीवनसत्त्व नाश पावतं, म्हणून लिंबू शिजताना न पिळता पानात पिळायचं. आणि जेवल्याबरोबर चहा घेतला की लोहाच्या वाटेत तो आडवा येतो. त्याला तासभर थांबवावं. संत्रं महाग असेल तर पेरू खा. क जीवनसत्त्व संत्र्याहून त्यात कितीतरी पट जास्त. परदेशातून येणारं महागडं किन्वा नि अवोकाडो ज्यांना परवडतं त्यांनी खुशाल खावं, मला त्यांचा हेवा नाही.

मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार अशांसाठी डॉक्टर जे लिहून देतात ते वेगळं. त्यांच्या कागदावर काट मारायला मी इथे बसलेलो नाही.

बाईंनी सांगितलेली एक गोष्ट मात्र मला सर्वांत लागली. त्या म्हणाल्या, 'रक्त कमी असलेल्या मुलीबरोबर तिची आई येते. मी आईचंही रक्त तपासायला सांगते. बहुतेक वेळा तेही कमीच निघतं.' मुलीने हौसेने सोडलेलं असतं, आईच्या वाट्याला उरलेलं नसतं. ती शेवटी बसते. उसळ तोवर संपलेली असते, कोशिंबिरीचं पाणी तेवढं भांड्यात असतं, आणि सकाळची पोळी वाया जाऊ नये म्हणून ती चहाबरोबर खाते. अशा बाईला संतुलित आहाराचा तक्ता देऊन काय उपयोग? बाई त्या घरातल्या पुरुषाला बोलावून एकच सांगतात, 'आठ दिवस सगळे एकदम पानावर बसा, आणि भाजी मोजून वाटा.' काही घरांतून ते होतं म्हणे, काही घरांतून दोन दिवस होतं.

आमच्या वसतिगृहातल्या मुलींनी त्यानंतर खानावळवाल्याकडे तीन मागण्या नेल्या: आठवड्यातून चार दिवस बटाट्याऐवजी मोडाची उसळ, रोज कोशिंबीर, आणि पानात लिंबाची फोड. दर वाढवायला त्यांची तयारी नव्हती, त्यामुळे घासाघीस बरीच झाली. उसळ चारऐवजी तीन दिवसांवर आली. कोशिंबीर रोज असते, पण तिच्यात दाण्याचं कूट शोधावं लागतं. लिंबू मिळतं, फक्त उन्हाळ्यात भाव चढले की एका लिंबाच्या चारच्या आठ फोडी होतात, आणि त्यावरून मुली अजून भांडतात.