सेंद्रिय घ्यायचं, पण विचारून

भाकरी थापत असाल तर थापता थापता ऐका. आज बोलायचंय ते सेंद्रिय माळव्याबद्दल आणि डाळीदाण्याबद्दल. ते ओळखायचं कसं आणि घ्यायचं कुणाकडून?

आधी आमच्या गटाची फजिती सांगते. दोन वर्षांमागं आमच्यातल्या एकीची सून पहिलटकरीण होती. सासूच्या मनात आलं, पोरीला एवढे नऊ महिने तरी बिनऔषधाचं खाऊ घालू. त्याच आठवड्यात बाजारात एक टेम्पो आला. हिरवा फलक, वर लिहिलेलं ‘शंभर टक्के सेंद्रिय’. तूरडाळ दुकानात १६० रुपये किलो होती, त्याच्याकडं २३०. आम्ही बाराजणींनी पैसे काढून ४० किलो घेतली. घरी येऊन पोतं उसवलं तर आत दुसरी पिशवी आणि तिच्यावर मिलचा शिक्का. साधी बाजारची डाळ! किलोमागं ७० रुपये, म्हणजे २८०० रुपये पाण्यात. टेम्पो काही पुन्हा दिसला नाही. पैसे गेल्याचं मी विसरले असते, पण त्या सासूचं तोंड बघवत नव्हतं.

आम्ही फलक वाचला आणि माणसाला एक प्रश्न विचारला नाही, ही आमची चूक.

डोळ्यानं सेंद्रिय ओळखता येत नाही, हे आधी मनात पक्कं करा. पानाला भोकं असली की औषध मारलेलं नाही, असं आपण धरून चालतो. पण अळीनं पान खाल्ल्यावर घाबरून फवारलेली मेथीसुद्धा भोकाचीच असते. दुसरा घोटाळा ‘गावरान’ शब्दाचा. राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री मिळाली, गावरान बियाण्याचं मोल सगळ्यांना कळलं, ते चांगलंच झालं. पण गावरान म्हणजे बियाणं देशी. त्या गावरान वांग्यावर आठवड्याला पंप फिरत नसेल, असं कुणी सांगितलं?

गुळाचंही तसंच. पिवळाधमक गूळ दिसला की हात आखडता घ्या, कारण तो रंग यावा म्हणून उकळत्या रसात पावडर टाकतात. रानभेंडीच्या चिकानं मळी काढलेला गूळ काळपट-तपकिरी असतो. पण ‘केमिकल फ्री गूळ’ म्हणजे गुऱ्हाळात काही टाकलं नाही, इतकंच. उसाला युरिया किती पडला, ते त्या पाकिटावर कुठंच नसतं. तो गूळ घ्या, मीही घेते, फक्त त्याला सेंद्रियाचा दर देऊ नका.

पाकीटबंद माल घेणार असाल तर ‘जैविक भारत’ हे चिन्ह बघा. त्याच्यासोबत ‘इंडिया ऑरगॅनिक’ किंवा ‘पीजीएस इंडिया’ यांपैकी एक शिक्का आणि अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर असतो. ‘नॅचरल’, ‘शुद्ध’, ‘फार्म फ्रेश’ हे शब्द कुणीही छापतो. पीजीएसमध्ये ‘ग्रीन’ असं लिहिलं असेल तर रान अजून सेंद्रियाकडं वळतंय, पुरं झालेलं नाही. त्याला दोन-तीन वर्षं लागतात. छोटा शेतकरी स्वतःचा माल थेट आपल्या हातात देत असेल, तर त्याच्यावर प्रमाणपत्राची सक्ती नाही. म्हणून कागद नाही एवढ्यावरून त्याला खोटं ठरवू नका. तिथं आपणच तपासायचं.

कसं तपासायचं, ते आम्ही फजितीनंतर शिकलो. आमच्यापासून चार किलोमीटरवर एक ताई बिनऔषधाची तूर करतात असं कळलं. आम्ही पाचजणी थेट रानात गेलो. मी विचारलं, “ताई, कीड पडल्यावर काय मारता?” ‘काहीच मारत नाही’ असं म्हणाल्या असत्या, तर मी तिथूनच मागं फिरले असते. कीड पडत नाही असं रान अजून मी पाहिलं नाही. त्या म्हणाल्या, “फुलात आली की निंबोळी अर्क. तूर हलवून अळ्या पोत्यावर पाडते, कोंबड्यांना घालते. तरी गेल्या साली चौथाई शेंगा गेल्या.” नुकसान सांगणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसतो. मग विचारलं, आधीचं पीक काय होतं, त्याला काय दिलं, खत कुठलं, गुरं किती. गुरंच नसतील तर शेणखत येतं कुठून, हेही विचारा. शेजारच्या फवाऱ्याचं त्यांनी आपणहूनच दाखवलं. त्या बांधाकडच्या चार ओळी त्या वेगळ्या काढतात आणि सेंद्रिय म्हणून विकत नाहीत.

आम्ही अख्खी तूर घेतली, तेलपाणी लावून वाळवली आणि जात्यावर भरडली. किलोमागं पाऊण किलोही डाळ पडली नाही, हात भरून आले, पण टेम्पोवाल्यापेक्षा स्वस्तच पडली. दर मात्र आम्ही पाडून मागितला नाही. चौथाई शेंगा अळीला देणाऱ्या बाईला बाजारभाव देऊन कसं चालेल?

निघताना त्या ताईंनी मला विचारलं, “तुमचं वांग्याचं रान ना? त्याला काय मारता?”

बायांनो, मला उत्तर देता आलं नाही. आमच्या घरच्या खाण्याचा वाफा वेगळा आहे, त्याला औषध लागत नाही. बाजारच्या वांग्याला मात्र गुरुवारी फवारायचं आणि शनिवारी पाटी भरायची. बाटलीवर लिहिलेलं असतं, फवारल्यावर किती दिवस तोडा करायचा नाही. मला वाचता येतं, मी वाचत नव्हते. आणि आपण त्याला म्हणतो तरी काय, ‘औषध’!

परतीच्या वाटेवर आमच्यात कुणी फार बोललं नाही. नंतर गटात विषय काढला. पीजीएसला कमीत कमी पाच शेतकरी लागतात, ते एकमेकांची रानं बघतात आणि एकमेकांची हमी घेतात. आमच्या चौघी तयार आहेत, पाचवीचा नवरा अजून ‘बघू’ म्हणतोय.

मी यंदा वांग्याच्या दोनच सऱ्या बिनऔषधाच्या ठेवल्यात. सुकलेले शेंडे रोज खुडून नष्ट करते, कामगंध सापळे लावलेत. तरी अळीनं बरीच फळं नेली. उरलेल्यांची पाटी शनिवारी वेगळी मांडते. कुणी विचारलं तर खरं ते सगळं सांगते, आणि वांगं किडकं निघालं तर पुढच्या बाजारी बदलून देते.