वाहनातील संदेशवहन



हा विषय केवळ अभियंत्यांचा आहे, असे आपणांस वाटेल. परंतु रुग्णवाहिका आणि कचरागाड्या यांच्या दुरुस्तीची देयके आपणच मंजूर करता. म्हणून त्यांच्या पोटात काय चालते, हे आपण जाणून घेणे अगत्याचे आहे.

पूर्वी प्रत्येक दिव्यासाठी, प्रत्येक काट्यासाठी स्वतंत्र तार असे. इलेक्ट्रॉनिक उपकरणे वाढली, तसा तारांचा गुंता वाढला. जर्मनीतील बॉश कंपनीने १९८३ साली त्यावर काम सुरू केले आणि १९८६ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइट येथे ‘कॅन’ ही पद्धती जाहीर केली. १९९३ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक ठरली.

या पद्धतीत पीळ दिलेल्या दोनच तारा अनेक नियंत्रकांना जोडतात. चाकाजवळच्या संवेदकाने मोजलेली गती तारेवर येते, ती कोणा एकाला उद्देशून नव्हे. गावात दवंडी पिटावी तशी ती सर्वांच्या कानी जाते. ज्याला हवी तो घेतो.

दोघे एकदम बोलू लागले तर? हा भाग मला सर्वांत मनोवेधक वाटतो. प्रत्येक संदेशाच्या आरंभी शून्य व एक या चिन्हांत लिहिलेला क्रमांक असतो, आणि तारेवर शून्य हे एकावर मात करते. आपण ‘एक’ पाठविला असता तारेवर ‘शून्य’ दिसले, की आपल्याहून लहान क्रमांकाचा, म्हणजेच अधिक निकडीचा, संदेश चालू आहे हे ओळखून नियंत्रक तत्काळ गप्प बसतो व नंतर पुन्हा प्रयत्न करतो. निकडीच्या संदेशाचा क्षणही वाया जात नाही. आपल्या सभांना असा नियम असता तर!

विजेचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखाच होतो. ऐकणारा मात्र दोहोंतील व्होल्टचा फरकच पाहतो, म्हणून संदेश शाबूत राहतो. पीळ त्यासाठीच आहे. जादा दिवा बसविताना तो उलगडून तार कापणारा कारागीर हे जाणत नाही. दोन्ही टोकांस १२० ओहमचा रोध असतो. वीजपुरवठा बंद करून साध्या मीटरने मोजल्यास सुमारे ६० ओहम दिसावेत; १२० दिसल्यास एक टोक तुटले असण्याचा संभव आहे. नवा, महागडा नियंत्रक खरेदी करण्याच्या प्रस्तावासोबत हा आकडा अवश्य मागावा.

एक उणीव सांगितली पाहिजे. संदेश खरोखर कोणी पाठविला, हे पडताळण्याची सोय मूळ पद्धतीत नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी धावत्या जीप चेरोकीवर दुरून ताबा मिळविला, आणि कंपनीस सुमारे १४ लाख वाहने दुरुस्तीसाठी परत बोलवावी लागली. चालकाच्या पायांजवळील निदान-खोबणीत बसविलेली मागोवा-यंत्रे अनेक वाहनांत याच तारांना जोडली जातात. ती कोणी व कधी बसविली, याची नोंद वाहनाच्या लॉगबुकात असावी.